पाना कुणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या तीन दिवसांच्या निवासी शिबिरात शेवटच्या दिवशी केलेलं भाषण. त्याआधीचे दोन दिवस मोटार-दुरुस्तीचं प्रात्यक्षिक झालं होतं. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

मैत्रिणींनो,

गेले दोन दिवस आपण अंगणात उभ्या असलेल्या पद्मिनीचं हेड बदलत होतो. काल रात्री जेवताना तिघी-चौघींनी मला एकच प्रश्न विचारला. ‘ताई, काम करायला बरं वाटलं. पण हे शिकून आम्ही करायचं काय? आम्ही काय गॅरेज काढणार आहोत? गावात पाण्याचा प्रश्न आहे, दारूचा आहे, मारहाणीच्या केसेस आहेत. त्यात हे मोटारीचं हेड कुठं बसतं?’

प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायला हवं. पण आधी मी काम सांगणार आहे. दोन दिवसांत कुणी फक्त प्लग काढले, कुणी फक्त पुशरॉड पुसले, कुणी स्वयंपाकाच्या पाळीला गेल्या. सगळं काम क्रमानं कुणाच्याच डोळ्यांसमोर आलेलं नाही. ज्या मैत्रिणी हे अंकात वाचतील त्यांनी तर गाडी पाहिलेलीही नाही. काम समजल्याशिवाय त्यावरची चर्चा म्हणजे नुसत्या गप्पा.

गाडी आणि तिचं दुखणं

ही १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून हीच गाडी ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावानं तयार होत होती. १९७२ मध्ये ती प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ मध्ये पद्मिनी. २०००च्या सुमारास ती बनायची थांबली. काळी-पिवळी टॅक्सी म्हणून तिला सगळे ओळखतात. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी धावत नाही, पण खाजगी गाड्या अजून आहेत. आपली ही त्यातलीच.

शिकायला ही गाडी चांगली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं आणि हात घालायला जागा आहे. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटर करतो. त्यात काँप्युटर नाही. जे बिघडतं ते डोळ्यांना दिसतं नाहीतर बोटांना कळतं.

हेड म्हणजे काय, तर इंजिनाचं झाकण. खाली बिडाचा ब्लॉक, त्यात चार गोल पोकळ्या, त्यांत पिस्टन वरखाली होतात. वर अ‍ॅल्युमिनियमचं हेड. त्या हेडमध्ये आठ व्हॉल्व्ह, चार प्लग, पाणी फिरायच्या आणि ऑइल जायच्या वाटा. ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केट. कुकरचं झाकण आणि रिंग डोळ्यांसमोर आणा, तत्त्व तेच आहे. फक्त इथं गॅस्केटला एकाच वेळी तीन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ठेवायच्या असतात, जळता वायू, पाणी आणि ऑइल.

ही गाडी ज्या ताईंची, त्या तिच्यातून बचत गटाचं लोणचं आणि मसाला बाजाराला नेतात. गाडी गरम व्हायला लागली. रेडिएटरमधलं पाणी रोज कमी व्हायचं, पण खाली कुठं थेंब पडलेला नसायचा. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला दुधाळ साय. ताई दोन गॅरेजांत गेल्या. एकानं बॉनेट उघडून दोन मिनिटांत सांगितलं, ‘इंजिन गेलं. दुसरं टाका, नाहीतर भंगारात द्या.’ दुसरा म्हणाला, ‘साहेबांना पाठवून द्या, त्यांना समजावून सांगतो.’ ताईंच्या घरी साहेब नाहीत. गाडी त्यांच्या नावावर आहे, कर्ज त्यांनी फेडलंय, चालवतात त्याच. तरी बोलायचं मात्र साहेबांशी.

दोघांपैकी कुणीही साधं मोजमाप केलेलं नव्हतं. पहिल्या दिवशी सकाळी आपण तेच केलं. चारही प्लग काढले, कॉइलची तार सोडली, प्लगच्या भोकाला कॉम्प्रेशन गेज लावलं, एकीनं अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरून स्टार्टर मारला. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचा दाब ठीक. मधल्या दोन्हींचा निम्म्याहून कमी. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवतात तेव्हा त्यांच्या मधल्या जागेत गॅस्केट फुटलेलं असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाणी जातंय, धूर पांढरा आहे, ऑइल दुधाळ आहे, या खुणाही तेच सांगत होत्या. म्हणजे दुखणं वरच्या झाकणाशी होतं. सगळं इंजिन बदलायची गरज नव्हती. हे कळायला पाऊण तास लागला.

उतरवताना

हेड कधीही गरम इंजिनावरून सोडवायचं नाही. अ‍ॅल्युमिनियम गरम असताना बोल्ट ढिले केले तर ते वाकतं. म्हणून आपण दुपारपर्यंत थांबलो.

बॅटरीची तार काढली. रेडिएटरचं आणि ब्लॉकचं पाणी सोडलं. एअर क्लीनर काढला. कार्बोरेटरची चोकची तार, अ‍ॅक्सिलरेटरचा सांधा आणि पेट्रोलची नळी सोडवली. पेट्रोलच्या नळीला लगेच बूच लावलं, आणि त्या वेळी आसपास कुणी चूल पेटवायची नाही हे बजावलं. प्लगच्या तारांना चिकटपट्टीवर नंबर लिहून लावले. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-४-२ असतो. तारा उलटसुलट झाल्या तर गाडी सुरूच होत नाही किंवा फटाके मारते. मग सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डचे नट. ते गंजलेले असतात, म्हणून आदल्या रात्रीच त्यांवर तेल सोडून ठेवलं होतं. झटका दिला असता तर ते तुटले असते.

टॅपेट कव्हर काढल्यावर रॉकरचा दांडा आणि त्याखालचे आठ पुशरॉड. हे पुशरॉड बाहेर काढून ताटात टाकून द्यायचे नाहीत. आपण एका खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडली, नंबर टाकले आणि ज्याचा तो पुशरॉड त्याच्या भोकात ठेवला. वर्षानुवर्षं एकमेकांवर घासून प्रत्येकाची जोडी जमलेली असते, ती मोडायची नाही.

हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडे थोडे करत सैल केले. एक पूर्ण सोडला आणि दुसरा घट्ट ठेवला तर हेडवर पीळ पडतो. हेड सहजासहजी सुटत नाही, चिकटून बसलेलं असतं. त्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही, दोन्ही पृष्ठभागांवर ओरखडे येतात. लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोकलं, ते हललं आणि दोघींनी उचललं.

उलटं करून पाहिलं तर मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये गॅस्केट जळून काळं झालेलं. हेडवर पोलादी पट्टी उभी धरून खालून फीलर गेजची पाती सरकवली. मधे चांगलीच फट. थोडंसं वाकलेलं हेड लेथवाल्याकडे फेसिंग करून सरळ करता येतं. पण या हेडचं फेसिंग आधी झालेलं होतं, पुन्हा घासायला फार धातू उरला नव्हता, आणि दोन व्हॉल्व्हच्या बैठकींमध्ये बारीक तडा होता. तडा गेलेलं हेड तसंच वापरायचं नाही. म्हणून कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून दुसरं हेड आणून ठेवलं होतं.

बसवताना

जुनं हेड विकत घेतलं की ते चांगलंच आहे असं धरून चालायचं नाही. तीच पट्टी, तीच पाती त्यालाही लावायची. लेथवाल्याकडे पाण्याच्या वाटांत दाब देऊन गळती बघून घ्यायची. व्हॉल्व्ह काढून ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी टोपीची काठी दोन तळहातांत घुसळत बैठकीवर घासायचे. रवी घुसळतो तसंच. सगळीकडे सारखी करडी कडी उमटली की बैठक जमली. मग हेड उलटं ठेवून वरच्या खोलगट जागेत रॉकेल ओतायचं आणि थांबायचं. व्हॉल्व्हजवळून रॉकेल झिरपलं नाही तर काम बरोबर.

ब्लॉकवरचं जुनं गॅस्केट खरवडताना मी सगळ्यांना तोंडाला फडकं नव्हे तर मास्क लावायला सांगितलं, आणि ती जागा ओली करूनच खरवडायला लावली. जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची सुकी धूळ फुप्फुसात जाते आणि वर्षांनी आजार देते. गॅरेजांतली पोरं ही धूळ फुंकरीनं उडवतात. तो धोका आपल्याला आहे तसाच त्यांनाही आहे.

बोल्टांची भोकं कोरडी करायची. आत ऑइल किंवा पाणी राहिलं आणि वरून बोल्ट आवळला तर त्या दाबानं ब्लॉकला तडा जाऊ शकतो. नवीन गॅस्केट बाजू बघून ठेवायचं. हेड बसवायचं. आता बोल्ट मधून बाहेर आवळत जायचं, आणि एका दमात नाही, तर दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क रेंचनं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यापर्यंत.

मग पुशरॉड ज्याच्या त्याच्या जागी, रॉकर, आणि टॅपेटची फट फीलर गेजनं मोजून. कार्बोरेटरखालचं पॅकिंग नवीन, कारण तिथून फुकटची हवा शिरली तर इंजिन मंद गतीला धडधडतं. पाणी भरलं, जुनं दुधाळ ऑइल काढून नवं घातलं, गाडी सुरू केली. शेवटी कार्बोरेटरचे दोन स्क्रू फिरवून मंद चाल बसवली.

एक काम राहिलं होतं. गाडी मुळात गरम का झाली? फॅन बेल्ट सैल होता आणि रेडिएटरच्या खालच्या नळ्या गाळानं बुजल्या होत्या. ते साफ केलं नसतं तर नवीन हेडही सहा महिन्यांत गेलं असतं. ताईंना सांगून ठेवलंय, इंजिन तापून थंड झाल्यावर आणि थोडे किलोमीटर चालल्यावर मॅन्युअलप्रमाणे बोल्ट आणि टॅपेट पुन्हा तपासायचे.

ताकदीचं काय?

आता मुद्द्यावर येते. काल दुपारी बोल्ट आवळताना शेजारचा एक तरुण कुंपणापाशी उभा होता. चांगला मुलगा आहे, मदत करायच्या भावनेनंच म्हणाला, ‘मावशी, द्या इकडं. हे तुमच्यानं नाही व्हायचं. एक झटका देतो.’ त्या झटक्यानं काय झालं असतं ते आता तुम्हाला माहीत आहे. बोल्ट तुटला असता किंवा हेड एका बाजूनं जास्त दाबलं जाऊन वाकलं असतं. इथं जास्त जोर लावणं हा दोष आहे.

टॉर्क म्हणजे पिळाचा जोर. तो दंडावर कमी आणि दांड्याच्या लांबीवर जास्त अवलंबून असतो. उदाहरणासाठी आकडा घेऊ. समजा ८ किलोग्रॅम-मीटर टॉर्क हवा आहे. दांडा अर्ध्या मीटरचा असेल तर टोकाशी १६ किलोचा जोर लागेल. दांडा एक मीटरचा घेतला तर ८ किलोचा. विहिरीतून पाणी शेंदणाऱ्या बाईला हे अवघड आहे असं कोण म्हणेल? आणि ठरलेला जोर झाला की रेंच कट्टकन वाजतो, तिथं थांबायचं. तो आवाज पुरुषाच्या हातातही तसाच येतो.

वजनाचंही तेच. ‘इंजिनाचं काम जड असतं,’ असं म्हणतात. घरचा गॅसचा भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो. तो दारातून ओट्याखाली कोण सरकवतं? या गाडीचं सुटं हेड त्याहून बरंच हलकं आहे. खडी फोडणारी, ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेणारी, बांधकामावर पाट्या वाहणारी बाई कुणाला नाजूक वाटत नाही. मजुरी कमी आणि ओझं जास्त असतं तिथं बाईची ताकद चालते. हत्यार, कसब आणि बरा पैसा आला की तीच बाई एकाएकी अबला होते.

यंत्रातलं बायकांना कळत नाही म्हणावं, तर यंत्रावर बसलेल्या बायका कमी आहेत का? शिलाई मशीन बाई चालवते, ते बिघडलं की बाप्याला बोलावतात. यंत्रमागाच्या गावात कांड्या भरायला बाई, माग दुरुस्त करायला जॉबर, तो पुरुष. पिठाची गिरणी बाई चालवेल, जातं टाकायला माणूस येईल. यंत्र चालवणं आणि यंत्र उघडणं यांच्यामध्ये रेघ मारलेली आहे, आणि उघडणाऱ्याला पैसे जास्त मिळतात.

मोटारींतही हेच झालं. शीला डावरे यांनी १९८८ मध्ये पुण्यात रिक्षा चालवायला घेतली. साताऱ्याच्या सुरेखा यादव त्याच सुमाराला रेल्वेत इंजिन चालवायला लागल्या आणि देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक ठरल्या. त्यांनी वाट पाडली म्हणून आज चालक बायका ठिकठिकाणी दिसतात. चाक हातात आलं. बॉनेट मात्र अजून बंदच आहे. गाडी चालवणारी बाई रस्त्यात अडली की तिला पुन्हा कुणाच्या तरी शब्दावर विसंबून राहावं लागतं, आणि त्या शब्दाची किंमत बिलात दिसते.

शिकायची वाट कोणती?

माझे वडील मेकॅनिक. रविवारी घरासमोर लोकांच्या गाड्या यायच्या, मी पाने उचलून द्यायची. सोळा-सतराचा पाना, गोटी पाना, पक्कड ही नावं मला पाढ्यांबरोबर पाठ झाली. म्हणून मला हे येतं. हुशारीचा प्रश्न नव्हता, पाना हाताशी होता एवढंच. पुढे एका गॅरेजात कामाला लागले तर मालकानं मला बिलं लिहायला बसवलं. महिनाभर मी इंजिनाचे आवाज ऐकत वहीत रकाने भरत होते. मग माझं स्वतःचं गॅरेज काढलं. पंचवीस वर्षं झाली, अजून कुणी नवीन गिऱ्हाईक आलं की हातावर ग्रीस माखलेल्या मलाच विचारतं, ‘मिस्त्री कुठंयत?’

वडील मेकॅनिक नसतील तर बाईनं शिकायचं कुठं? मुलगे शिकतात ते दहा-बाराव्या वर्षी ‘पोऱ्या’ म्हणून गॅरेजात लागून. उस्तादाची बोलणी आणि टपल्या खात, वर्ष-दोन वर्षं नुसत्या चहापाण्यावर. ही बहुतेक गरीब घरांतली, शाळा सुटलेली मुलं. म्हणून मी तुम्हाला सांगते, मेकॅनिकला शत्रू समजू नका. त्यानं हे ज्ञान बालपण देऊन मिळवलंय. ती वाट आपल्या मुलींना नको आणि त्या मुलग्यांनाही नको. १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायला २०१६ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानंही सरसकट बंदी आहे.

दुसरी वाट आयटीआयची. मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि त्याला दहावी पास लागतं. मुलींनी तिथं जायलाच हवं. पण नववीत लग्न झालेली, तिशीतली, दोन मुलांची आई ही दोन वर्षं रोज तालुक्याला कशी जाणार? तिच्यासाठी तिसरी वाट आजही नाही. ती आपण तयार करायची आहे.

कायद्याचंही बघा. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २२ मध्ये लिहिलं होतं की चालू यंत्राचे मुख्य भाग साफ करणं, त्यांना तेल देणं, ते जुळवणं ही कामं स्त्रिया आणि अल्पवयीन यांना देऊ नयेत. चाळीस वर्षांची अनुभवी बाई आणि सोळा वर्षांचा मुलगा एका ओळीत. चालू यंत्रात हात घालणं धोक्याचंच. पण पुरुषाची बोटं काय लोखंडाची असतात? धोका असेल तर सगळ्यांसाठी यंत्राला जाळी बसवा. ते न करता बाईला बाहेर काढणं स्वस्त पडतं. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्या कलम ४३ प्रमाणे स्त्रियांना सर्व आस्थापनांत सर्व प्रकारच्या कामांवर नेमलं जाण्याचा हक्क आहे, आणि त्यांच्या संमतीनं, सुरक्षिततेच्या अटी पाळून, रात्रीच्या वेळीही. हे कलम लक्षात ठेवा, वापरा.

पण कागदावर थांबू नका. ही संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या जागांना लागू होते. आपल्या नाक्यावरच्या गॅरेजात असतात तीन माणसं. तिथं कायदा बाईला अडवतही नाही आणि सांभाळतही नाही. तिथं अडवतात वेगळ्या गोष्टी. बाईला जायला संडास नाही, कपडे बदलायला आडोसा नाही, भिंतीवर नको ती कॅलेंडरं, आणि रात्री उशिरा गाडी द्यायची असली की घरचे विचारणार, ‘एवढा वेळ कुठं होतीस?’ छळ झाला तर काय करायचं हेही सांगून ठेवते. दहापेक्षा कमी माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नसते, पण २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

मग आपण काय करायचं?

कुणी म्हणेल, कार्बोरेटरच्या गाड्या संपत आल्या, आता विजेच्या गाड्या आल्या, मग हे जुनं कशाला शिकायचं? साधारण २००० नंतर नव्या मोटारींतून कार्बोरेटर गेलाच आहे. पण क्रम लावणं, मोजून बघणं, खुणेवरून कारणाकडे जाणं हे जुन्या इंजिनावर शिकलेलं नव्या यंत्रालाही लागू पडतं. विजेच्या गाड्यांची कामं आत्ता वाटली जात आहेत. आपण आताच त्यांच्या दारात उभ्या राहिलो नाही, तर वीस वर्षांनी अशाच शिबिरात हीच चर्चा पुन्हा होईल.

मला चार गोष्टी सुचतात.

एक. प्रत्येक संघटनेनं सामायिक हत्यारपेटी करावी. रिंग पान्यांचा संच, गोटी पाने, टॉर्क रेंच, फीलर गेज, कॉम्प्रेशन गेज, पोलादी पट्टी. शिलाई मशीनसाठी कर्ज देणाऱ्या बचत गटानं पानेपेटीसाठीही द्यावं. एकीला जड जाईल, वीस जणींना नाही.

दोन. गॅरेजात गेल्यावर विचारायचे प्रश्न छापून वाटावेत. मोजमाप केलं का? आकडा किती आला? काढलेला भाग दाखवा. तो परत द्या. बिलावर कामाची नोंद करा. हे विचारायला मेकॅनिक असावं लागत नाही. गाडी भंगारात जायची वाचते ती बरेचदा एवढ्यानंच.

तीन. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या वर्गाला मुली आहेत का, त्यांना खरंच इंजिनावर हात घालू देतात की वही लिहायला बसवतात, हे तालुक्या-तालुक्यात जाऊन पाहावं. त्यांच्यासाठी संडास आहे का, तेही. जे दिसेल ते लिहून काढावं आणि प्राचार्यांपुढे, जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवावं.

चार. शिकलेल्या बाईनं दुसरीला शिकवावं, आणि त्याचं मानधन द्यावं. ‘ताई हौसेनं करतात’ असं म्हणून बाईचं कसब फुकट वापरायची सवय आपल्या संघटनांनाही आहे.

पाणी, दारू, मारहाण हे प्रश्न मागे टाकून हेड बदलत बसा असं मी म्हणत नाही. पण मार खाऊन बाहेर पडलेल्या बाईला आपण काय काम सुचवतो ते आठवा. पापड, शिवण, धुणीभांडी. तिच्या पोटापाण्याचं गणित तिथंच अडतं आणि पुष्कळ जणी त्यामुळेच परत त्या घरात जातात. बरा पैसा देणारं कसब तिच्या हाताला मिळणं, हा त्या केसचाच भाग आहे. येत्या सहा महिन्यांत किती गटांनी पेटी घेतली आणि किती आयटीआय पाहून आल्या, ते पुढच्या बैठकीत आपण एकमेकींना विचारू या. कुणाला हेड उतरवायचं असेल तर मला कळवा, मी येईन.

एवढं बोलून थांबते.